अतिसंवाहक पट्ट्यांची विकृतिमर्यादा : एका आकड्याची चिकित्सा

अतिसंवाहक पट्ट्यांविषयीचे शोधनिबंध, उत्पादकांची माहितीपत्रके आणि अलीकडे आपल्याकडे सादर होणाऱ्या पदव्युत्तर प्रबंधिका यांमध्ये एक आकडा वाचकाला वारंवार भेटतो. विरल मृत्तिका गटातील एखादे मूलद्रव्य, बेरियम, तांबे व ऑक्सिजन यांचे जे संयुग व्यवहारात 'रेबको' या संक्षिप्त नावाने ओळखले जाते, त्याच्या पट्ट्या 0.4 ते 0.7 टक्के इतकी विकृती सहन करतात, असे तेथे सांगितलेले असते. वाचक हा आकडा वितळबिंदूसारखा पदार्थाचा स्थिरांक समजतो, आपल्या गणितात घालतो आणि पुढे जातो. प्रस्तुत लेखात या आकड्याची चिकित्सा करावयाची आहे. तो खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. अनेक प्रयोगशाळांत काळजीपूर्वक केलेल्या मापनांतून तो आलेला आहे. परंतु तो नेमका कशाविषयी बोलतो आणि कशाविषयी मौन पाळतो हे न पाहता त्याच्या आधारावर चुंबकाचा आराखडा उभारणे धोक्याचे आहे. आमच्या मते हा आकडा पट्टीच्या एका लहान तुकड्याचा आहे, तो तुकडा एकाच दिशेने ओढला असतानाचा आहे आणि तुकड्याच्या लांबीवर सरासरी काढलेला आहे. प्रत्यक्ष उपयोगात पट्टी शेकडो मीटर लांब असते, अनेक दिशांनी ओढली जाते आणि तिच्या सर्वांत दुबळ्या जागी निकामी होते.

या विवेचनात एका तुलनेचा आधार घेतला आहे, आणि ती तुलना दूर जाऊन शोधावी लागत नाही. छत्रपती संभाजीनगर शहराच्या पूर्वेस, जालना रस्त्यावरील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्टरलाइट टेक्नॉलॉजीज या कंपनीचा प्रकाशतंतूंच्या, म्हणजे ऑप्टिकल फायबरच्या, काचेचा कारखाना आहे. काच हा ठिसूळ पदार्थ. रेबको हाही ठिसूळ पदार्थ. दोहोंचाही व्यापार किलोमीटरच्या हिशोबात चालतो. ठिसूळ पदार्थाच्या लांबच लांब धाग्यावर भरवसा कसा ठेवावा, या प्रश्नाचे काचेच्या धंद्याने दिलेले उत्तर आणि अतिसंवाहक पट्ट्यांच्या वाङ्मयाने दिलेले उत्तर यांत मोठे अंतर आहे. त्याकडे पुढे येऊ.

प्रथम संज्ञांविषयी थोडा खुलासा. एकक क्षेत्रावर पडणाऱ्या बलास प्रतिबल आणि त्यामुळे एकक लांबीमागे घडणाऱ्या बदलास विकृती म्हणण्याचा मराठीतील प्रघात येथे पाळला आहे. रोजच्या बोलण्यात आपण दोहोंनाही 'ताण' म्हणतो, आणि गोंधळाचा एक उगम तेथेच आहे. माहितीपत्रकांत मर्यादा कधी मेगापास्कलमध्ये, म्हणजे प्रतिबलात दिलेली असते, तर कधी टक्क्यांत, म्हणजे विकृतीत. पट्टीतील भार मुख्यतः कठीण मिश्रधातूची आधारपट्टी वाहते. तिच्यावर चढवलेले तांबे मऊ असते. तांब्याचा थर दुप्पट केला की पट्टीचे क्षेत्रफळ वाढते, पण भार वाहण्याची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून अतिसंवाहक थर तोच, त्याची विकृतिमर्यादा तीच, आणि तरीही मेगापास्कलमधील आकडा खाली येतो. दोन उत्पादकांच्या पट्ट्यांची 600 विरुद्ध 500 मेगापास्कल अशी तुलना करणाऱ्याने तांब्याची जाडी दिली नसेल, तर त्या तुलनेला काहीही अर्थ राहत नाही.

विकृतीचा प्रश्न पट्ट्यांबरोबर जन्मला असे नाही. निओबियम-टायटॅनियम ही मिश्रधातू ओढून तार करता येण्याजोगी असल्याने तिच्या बाबतीत तो फारसा जाणवला नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात या मिश्रधातूच्या वाहकांवर जे काम झाले, त्यातील अडचणी प्रामुख्याने वेगळ्या स्वरूपाच्या होत्या. निओबियम-कथिल या संयुगाची गोष्ट निराळी. त्याची अतिसंवाहकता 1954 साली उघडकीस आली आणि 1961 साली कुन्झलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 8.8 टेस्ला क्षेत्रातही ते मोठा प्रवाह वाहते असे दाखविले. परंतु हे संयुग काचेसारखे ठिसूळ आहे. तार कास्याच्या वेष्टनात सुमारे 650 अंश सेल्सियसला भाजावी लागते, आणि द्रव हेलियमच्या तापमानापर्यंत थंड होताना कासे अधिक आकसून आतील संयुगाला दाबून टाकते. म्हणून अशी तार हलकेच ओढली तर तिची प्रवाहक्षमता आधी वाढते, कमाल बिंदू गाठते आणि मग उतरते. अमेरिकेतील बोल्डर येथील प्रयोगशाळेत जॅक एकिन यांनी 1980 साली या वर्तनाचा जो नियम मांडला, त्याने एक भेद कायमचा स्पष्ट केला. बल काढताच भरून येणारी घट एक, आणि चिरा पडल्यामुळे होणारी, कधीही न भरून येणारी घट दुसरी. पहिली स्फटिकाच्या अंतर्रचनेची गोष्ट आहे; दुसरी भंगाची. पुढील सर्व वाङ्मय या भेदावर उभे आहे, आणि त्यातील पुष्कळसा घोटाळा हा भेद अर्धवट पाळल्यामुळे झाला आहे.

विकृतिमर्यादा हा अतिसंवाहकाचा गुणधर्म नसून संपूर्ण पट्टीच्या बांधणीचा आहे, हे पाहण्यास बिस्मथ-2223 या पदार्थाचे उदाहरण सर्वांत सोपे. बिस्मथ गटातील अतिसंवाहक 1988 साली जपानमध्ये मायेदा यांना सापडले. चांदीच्या नळीत भुकटी भरून, ओढून, लाटून आणि भाजून त्याची पट्टी तयार होते. सुमारे 4 मिलिमीटर रुंद आणि पाव मिलिमीटरहून कमी जाडीची. चांदी मऊ असल्याने नुसती पट्टी सुमारे 130 मेगापास्कल प्रतिबलापर्यंतच टिकते. तिच्या दोन्ही बाजूंना निकेलच्या कठीण मिश्रधातूची पातळ पट्टी ताणून धरून डाखावी आणि मग ताण सोडावा, म्हणजे आतील ठिसूळ तंतू दाबले जातात. बैलगाडीच्या चाकावर तापवून बसविलेली धाव थंड होताना लाकडास आवळून धरते, तसाच हा प्रकार आहे. ओढले असता आधी हा दाब फिटतो आणि त्यानंतरच तंतूंवर खरा ताण येऊ लागतो. अशा पट्टीची मर्यादा सुमारे 400 मेगापास्कलपर्यंत जाते. आतील अतिसंवाहक कणभरही बदललेला नाही. आकडा तिपटीने वाढला आहे.

आता रेबको पट्टीकडे वळू, कारण आजचा खरा प्रश्न तिच्याविषयी आहे. हॅस्टेलॉय या निकेल मिश्रधातूची 30 ते 50 मायक्रॉन जाडीची आधारपट्टी, तिच्यावर स्फटिकांची दिशा लावून देणारे मॅग्नेशियम ऑक्साइड आदींचे अतिपातळ थर, त्यांवर 1 ते 2 मायक्रॉनचा रेबकोचा थर, वर चांदी आणि सभोवार तांबे, अशी तिची रचना असते. एकूण जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी. प्रवाह वाहणारा भाग त्यातील एक-दोन शतांश. म्हणजे वस्तुतः ही धातूची पट्टी असून तिच्या अंगावर मातीच्या भांड्यावरील झिलईसारखा एक ठिसूळ लेप आहे. आधारपट्टी कायमची ताणली जाऊ लागली, की लेपाला आडव्या चिरा पडतात. 0.4 ते 0.7 टक्के हा आकडा येतो तो येथून.

हा आकडा मोजतात कसा? पट्टीचा काही सेंटिमीटर लांबीचा तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे 77 केल्विन तापमानाला, ओढावयाचा किंवा बेरिलियम-तांब्याच्या कमानीवर डाखून ती कमान वाकवावयाची. प्रत्येक पायरीवर प्रवाह वाढवीत नेऊन दोन संपर्कबिंदूंमधील व्होल्टता पाहावयाची. सेंटिमीटरमागे 1 मायक्रोव्होल्ट दिसला की तो क्रांतिक प्रवाह. बल काढल्यावर क्रांतिक प्रवाह मूळच्या 95 टक्क्यांपर्यंत (काही लेखक 99 टक्के घेतात) परत येतो तोवरची सर्वांत मोठी विकृती ही मर्यादा. 95 आणि 99 यांतील निवड लेखकाची असते, आणि तिच्यामुळे मर्यादा बरीच हलू शकते. तरीही पुढील निबंधांत आकडा उद्धृत होताना ही निवड बहुधा गळून पडते.

याहून गंभीर गोष्ट संपर्कबिंदूंमधील अंतरात दडलेली आहे, आणि ती साध्या अंकगणिताने दाखविता येते. पट्टीतील व्होल्टता प्रवाहाच्या सुमारे 30 व्या घाताने वाढते असे धरू. चांगल्या पट्टीच्या बाबतीत हे वाजवी आहे. संपर्कबिंदू 5 सेंटिमीटर अंतरावर आहेत आणि त्यांमधील केवळ 1 मिलिमीटर भागात सूक्ष्म चिरा पडून तेथील क्रांतिक प्रवाह 10 टक्क्यांनी उतरला आहे. सर्व 50 मिलिमीटरांची व्होल्टता मिळवून सरासरी काढली, तर मोजलेला क्रांतिक प्रवाह केवळ सव्वा टक्क्याने कमी दिसतो. मापक म्हणतो, पट्टी शाबूत आहे. मोजलेल्या क्रांतिक प्रवाहात 5 टक्के घट दिसावी यासाठी त्या मिलिमीटरातील घट सुमारे 16 टक्के व्हावी लागते. आणि त्या क्षणी एकूण व्होल्टतेपैकी जवळजवळ चार पंचमांश व्होल्टता एकट्या त्या मिलिमीटरात निर्माण होत असते. म्हणजे 95 टक्क्यांची कसोटी उत्तीर्ण झालेल्या पट्टीत शेजारच्या भागापेक्षा सुमारे 190 पट अधिक उष्णता सोडणारा बिंदू असू शकतो. लहान तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये बुडालेला असल्याने ही उष्णता निमूटपणे वाहून जाते. चुंबकाच्या वेटोळ्यात, दोन्ही बाजूंनी तशाच पट्ट्यांनी वेढलेल्या जागी, ती जाणार कोठे? शोधनिबंधांत आलेखाखाली संपर्कबिंदूंमधील अंतर छापलेले नसेल तर तो आलेख अपुरा समजावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भरून येणाऱ्या घटीविषयीचे वाङ्मय तुलनेने अधिक समृद्ध आहे, आणि त्यात खरोखर सुंदर काम झाले आहे. व्हॅन डर लान आणि एकिन यांनी 2007 साली असे दाखविले की, रेबको पट्टी 1 टक्का दाबली असता तिचा क्रांतिक प्रवाह सुमारे 40 टक्क्यांनी उतरतो आणि दाब काढताच परत येतो. चीर नाही, भंग नाही. यामागील कारण स्फटिकात आहे. या संयुगाच्या स्फटिकाचे तळपातळीतील दोन अक्ष जवळजवळ सारखे दिसले तरी त्यांचे वर्तन परस्परविरुद्ध असते. एका अक्षावर दाब दिला तर क्रांतिक तापमान उतरते, दुसऱ्यावर दिला तर जवळपास तितकेच चढते. पट्टीत हे दोन्ही अक्ष जुळ्या स्फटिकांच्या रूपाने मिसळलेले असतात. ताण लांबीच्या दिशेने दिला की काही स्फटिकपट्टे सुधारतात, काही बिघडतात, आणि प्रवाहाला मात्र दोहोंमधून जावे लागते. पुढे असेही दिसून आले की, विकृतीची दिशा स्फटिकाच्या अक्षांशी 45 अंशांचा कोन करीत असेल तर हा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. याचा अर्थ असा की, 'रेबकोची विकृतिसंवेदनशीलता' या शब्दप्रयोगाला स्फटिकाची दिशा सांगितल्याखेरीज अर्थच नाही. शिवाय ही मापने बहुतांशी 77 केल्विनला आणि बाह्य चुंबकीय क्षेत्राविना झालेली आहेत. क्रांतिक तापमानापासून दूर, 20 केल्विनच्या खाली, क्रांतिक तापमानातील थोड्याशा हालचालीचे महत्त्व घटते. 77 केल्विनचा वक्र जसाच्या तसा उचलून 4.2 केल्विनच्या चुंबकास लावणाऱ्या प्रबंधिका आम्ही पाहिल्या आहेत. त्यांतील चूक पट्टीच्या विरोधात जाणारी असल्यामुळे कोणी तिला आक्षेप घेत नाही एवढेच.

दाब आणि ओढ यांतील असमानतेचा उपयोग करून घेणारी एक युक्ती येथे नमूद केली पाहिजे. ठिसूळ पदार्थ ओढला असता लवकर फाटतो, दाबला असता बराच टिकतो. 50 मायक्रॉन आधारपट्टीच्या, दोन्ही बाजूंना सारखे तांबे असलेल्या पट्टीत रेबकोचा थर मध्यतलापासून सुमारे 25 मायक्रॉनवर असतो. ती 5 मिलिमीटर व्यासाच्या गाभ्यावर गुंडाळली तर थरात 0.025 भागिले 2.5, म्हणजे 1 टक्का विकृती येते. थर बाहेरच्या अंगास ठेवला तर तो फाटलाच म्हणून समजावे. आतल्या अंगास ठेवला तर तो दाबला जातो, क्षमता काही प्रमाणात घटते, पण पट्टी जगते. व्हॅन डर लान यांनी 2009 पासून विकसित केलेली गोल केबल या तत्त्वावर आधारलेली आहे. तीत पट्ट्या गाभ्याभोवती तिरक्या गुंडाळल्या जात असल्याने वर सांगितलेला 45 अंशांचा लाभही पदरात पडू शकतो. आधारपट्टी 30 मायक्रॉनवर आणली की त्याच गाभ्यावर विकृती 0.6 टक्क्यांवर येते. आधारपट्टी पातळ करण्यामागील धडपडीचे हे एक मोठे कारण आहे.

येथपर्यंतची चर्चा लांबीच्या दिशेची झाली. माहितीपत्रकातील आकडा या एकाच दिशेचा असतो. पट्टीच्या सपाट पृष्ठाशी लंब दिशेत, म्हणजे थर एकमेकांपासून सोलून काढण्याच्या दिशेत, चित्र पूर्णपणे पालटते. बोल्डरच्याच गटाने 2007 साली या दिशेतील मापने प्रसिद्ध केली. लांबीच्या दिशेत 600 मेगापास्कल सहज पेलणारी पट्टी जाडीच्या दिशेत काही दशक मेगापास्कललाच उकलू शकते. आणि कडेपासून सोलण्यासारखा भार आला तर 1 मेगापास्कलही पुरतो, असे जपानमधील यानागिसावा व सहकाऱ्यांनी 2011 साली दाखविले. एकाच वस्तूच्या ताकदीत दिशेनुसार शेकडो पटींचा फरक! तरी माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापली जाते ती पहिली संख्या.

हा विरोध प्रत्यक्षात कसा उतरला ते ताकेमात्सु आणि सहकाऱ्यांच्या 2010 च्या निबंधात पाहावे. आमच्या मते या क्षेत्रातील वाचलाच पाहिजे असा हा निबंध आहे, कारण त्यात अपयश प्रामाणिकपणे मांडले आहे. रेबको पट्टीचे दुहेरी चकतीसारखे वेटोळे इपॉक्सी राळेत भिजवून घट्ट केले आणि थंड केले. क्षमता साफ ढासळली. तसेच वेटोळे मेणात भिजविले असता ढासळली नाही. विद्युत्चुंबकीय बल अजून लावलेलेही नव्हते. नुसत्या थंडीने काम केले होते. याचा ढोबळ अंदाज करता येतो. खोलीच्या तापमानापासून 77 केल्विनपर्यंत इपॉक्सी सुमारे 1 टक्का आकसते, तांबे 0.3 टक्के, हॅस्टेलॉय त्याहून थोडे कमी. पाऊण टक्क्याचा हा फरक राळेला मोकळेपणी भागविता आला नाही असे धरले, आणि थंड राळेचा स्थितिस्थापकता गुणांक 6 गिगापास्कलच्या आसपास घेतला, तर 40 मेगापास्कलहून अधिक प्रतिबल निघते. हा अंदाज वरच्या टोकाचा आहे हे खरे. पण उकलण्याची मर्यादाही काही दशक मेगापास्कलचीच आहे. मेण वाचविते ते त्याच्या दुबळेपणामुळे. ते स्वतः तडकते आणि पट्टीला ओढत नाही. या वेटोळ्याच्या आराखड्यात लांबीच्या दिशेची विकृती तपासली असती तर ती मर्यादेच्या आत कितीतरी खाली भरली असती.

आता शेंद्र्याच्या काचेकडे येऊ. प्रकाशतंतूची जाडी 125 मायक्रॉन असते. निर्दोष काचतंतूची ताकद प्रचंड असते, पण तंतू कोठे तुटेल हे त्याच्यावरील सर्वांत मोठी चीर ठरविते. ग्रिफिथ यांनी 1920 च्या सुमारास काचेच्या तंतूंवरच प्रयोग करून ही गोष्ट भंगशास्त्राच्या पायाशी बसविली. म्हणून या धंद्यात सरासरी ताकदीवर कोणी विसंबत नाही. तयार झालेला तंतू, नमुन्यादाखल नव्हे तर सगळाच्या सगळा, रिळावरून रिळावर जाताना सुमारे 0.69 गिगापास्कल प्रतिबलाखाली, म्हणजे जवळजवळ 1 टक्का विकृतीखाली, क्षणभर धरला जातो. जेथे मोठी चीर असेल तेथे तो तुटतो आणि तुटलेला भाग वगळला जातो. समुद्रतळावरील केबलींसाठी हीच परीक्षा दुप्पट कडक असते. परीक्षेतून पार पडलेल्या तंतूविषयी एक निश्चित विधान करता येते. काचेच्या भंगकाठिण्यावरून गणित केल्यास, सुमारे पाऊण मायक्रॉनहून खोल चीर त्याच्यावर कोठेही नाही. हे विधान एका तुकड्याचे नाही. प्रत्येक मीटराचे आहे.

याच्या शेजारी अतिसंवाहक पट्टीची मर्यादा ठेवून पाहावी. कल्पना करा की, एका विशिष्ट विकृतीला 10 सेंटिमीटरचा तुकडा 1000 पैकी 999 वेळा टिकतो. प्रयोगशाळेत पाच-दहा तुकडे ताणणाऱ्यास एकही अपयश दिसणार नाही आणि तो निर्धास्तपणे लिहील की पट्टी टिकते. पण दोष एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर 100 मीटर लांबीची पट्टी त्याच विकृतीला शाबूत राहण्याची शक्यता 37 टक्केच उरते, आणि 1 किलोमीटरची शक्यता जवळजवळ शून्य. दुबळ्या दुव्याचे हे गणित वायबुल यांच्या काळापासून सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था आणि तिच्या सहकारी कंपनीने 2021 साली 20 टेस्लाचा जो संलयन-चुंबक चालविला, त्यात अडीचशे किलोमीटरहून अधिक पट्टी होती. इतक्या लांबीच्या वस्तूविषयी 5 सेंटिमीटरच्या तुकड्यावरून बोलताना निदान विखुरणीचा आलेख तरी हवा. शोधनिबंधांत बहुधा एका नमुन्याचा एक वक्र असतो.

या तुलनेवर दोन आक्षेप येऊ शकतात, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की, तंतू तुटला तर तो दिसतो. पट्टीतील लेप तडकला तरी खालचे हॅस्टेलॉय अखंडच राहते. म्हणून नुसते ताणणे पुरेसे नाही, ताणल्यानंतर संपूर्ण लांबीवर क्रांतिक प्रवाह पुन्हा मोजला पाहिजे. त्याची साधने मात्र आज आहेत. पट्टी द्रव नायट्रोजनमधून ओढीत नेऊन हॉल परिणामावर चालणाऱ्या संवेदकांनी तिच्यातील प्रवाहाचे चित्र मिलिमीटरागणिक टिपता येते. उत्पादक लांबीवरील एकसारखेपणाचे जे आलेख देतात ते अशाच रीतीने काढलेले असतात. उणीव एवढीच की, ते आलेख बहुधा न ताणलेल्या पट्टीचे असतात. दुसरा आक्षेप असा की, लांबीच्या दिशेतील परीक्षा उकलण्याविषयी काहीच सांगत नाही. हे मान्य करावे लागते. काचेच्या तंतूला थर सोलले जाण्याचे भय नाही, त्यामुळे त्या धंद्याकडून या बाबतीत शिकण्याजोगे काही नाही. तेथे पट्टीला स्वतःचीच कसोटी शोधावी लागेल. रेबको तारांच्या ओढचाचणीसाठी 2018 साली आंतरराष्ट्रीय मानक झाले, पण तेही खोलीच्या तापमानाचे आणि लांबीच्याच दिशेचे आहे.

दुबळी जागा कोठे असते याचा एक ठळक निर्देश फ्लॉरिडातील राष्ट्रीय उच्च चुंबकीय क्षेत्र प्रयोगशाळेच्या कामातून मिळाला. सेउंग्यॉन्ग हान आणि सहकाऱ्यांनी 2019 साली जाहीर केलेल्या प्रयोगात 31.1 टेस्लाच्या क्षेत्रात रेबकोच्या लहानशा वेटोळ्याने 14.4 टेस्लाची भर घालून 45.5 टेस्ला गाठले. वर्तमानपत्रांनी विक्रमाची बातमी दिली. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते त्यानंतर वेटोळे उलगडून केलेले परीक्षण. पट्टी कायमची वाकलेली होती आणि इजा कडेपासून आत शिरलेली होती, विशेषतः जेथे रुंद पट्टी उभी कापून अरुंद केली होती त्या कडेपासून. याची दोन कारणे एकत्र येतात. कापताना कडेवर सूक्ष्म चिरा राहतात. शिवाय बदलत्या क्षेत्रामुळे पट्टीच्या रुंदीत जे प्रेरित प्रवाह फिरतात, ते एका कडेवरील बल वाढवितात आणि दुसऱ्या कडेवरील घटवितात. नेहमीचे सूत्र क्षेत्र, प्रवाहघनता आणि त्रिज्या यांचा गुणाकार करते. 20 टेस्ला, चौरस मिलिमीटरमागे 300 अँपिअर आणि 10 सेंटिमीटर त्रिज्या घेतली तर 600 मेगापास्कल, म्हणजे सुमारे 0.4 टक्के विकृती. हे रुंदीवरील सरासरी उत्तर आहे. कडेवरील खरी विकृती त्याहून किती अधिक असेल हे सूत्र सांगत नाही, आणि चिरा नेमक्या तेथेच आहेत.

आपल्या विभागापुरते बोलावयाचे तर, येथील विद्यार्थ्यांना पट्टी मीटरांच्या हिशोबात मिळते, किलोमीटरांच्या नव्हे, आणि द्रव हेलियम सहजी मिळत नाही. तथापि वर मांडलेल्या उणिवांपैकी दोन भरून काढण्यास तेवढी सामग्री पुरे आहे. एकाच रिळातील न कापलेली 12 मिलिमीटर पट्टी आणि तीच कापून केलेली 4 मिलिमीटर पट्टी घ्यावी. प्रत्येकीवर 5 सेंटिमीटरऐवजी 5 मिलिमीटर अंतराने संपर्कबिंदू बसवावेत. आणि एका नमुन्याऐवजी निदान वीस नमुने ताणून प्रत्येकाची मर्यादा 95 व 99 या दोन्ही कसोट्यांनी नोंदवावी. तांब्याची जाडी, संपर्कबिंदूंमधील अंतर, स्फटिकाक्षांची दिशा आणि तापमान या चार गोष्टी आलेखाखाली छापाव्यात. कापलेल्या आणि न कापलेल्या कडांच्या विखुरणीत फरक पडतो का, एवढा एकच प्रश्न एका प्रबंधिकेस पुरण्याजोगा आहे. त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे द्रव नायट्रोजनचे पात्र, बेरिलियम-तांब्याची कमान, विकृतिमापक पट्ट्या, काहीशे अँपिअरचा स्थिर प्रवाहस्रोत आणि एक नॅनोव्होल्टमापक.